टोपीतलं डोकं

९ जानेवारी

ती. आत्यास,
लिंबूचा सा. न. वि. वि.

आत्या, तू माझा घात केलास. काल पहिल्यांदा बेरे टोपी घालून कवायतीला उभे राहिलो. अख्ख्या रांगेच्या टोप्या उजव्या कानावर उतरलेल्या, बिल्ला डाव्या डोळ्यावर, आणि माझी एकट्याची टोपी डाव्या कानावर. उस्ताद माझ्यासमोर येऊन थांबले आणि त्यांनी विचारलं, की मी लष्करात भरती झालोय का मुलींच्या शाळेत. मी आपलं खरं ते सांगून टाकलं, की आत्याने कॉन्व्हेंटच्या पद्धतीने बसवून दिली आहे. त्यापुढे मैदानाला किती फेऱ्या मारल्या ते विचारू नकोस.

रजेवर आलो तेव्हा टोपी तव्यासारखी ताठ होती हे कबूल. तू ती गरम पाण्यात बुडवलीस, पिळलीस आणि ओलीच माझ्या डोक्यावर चढवलीस. सुकेपर्यंत खुर्चीवरून उठू दिलं नाहीस. पाणी मानेवरून पाठीत चाललेलं, आणि तू समोर बसून शब्दकोडं सोडवत होतीस! वर माझं डोकं लिंबाएवढं म्हणून आतल्या पट्टीला चिमटा घेतलास, तोही लाल दोऱ्याने, कारण काळा संपला होता आणि बाईसाहेबांना दुकानापर्यंत जायचा कंटाळा आला होता. तो लाल दोरा बघून इथे सगळे लोळून हसतात.

सगळ्यात जास्त हसतो तो शेजारच्या खाटेवरचा रांजण. त्याच्या डोक्याच्या मापाची टोपी शोधायला कोठारवाल्याला अख्खं कपाट उपसावं लागलं, तेव्हापासून त्याचं हेच नाव. बाकी आम्ही दोघे उंचीला, अंगाला सारखे. पाठमोरे उभे राहिलो तर उस्तादही चुकतात. फरक काय तो कानांच्या वर. गळ्यात घालायच्या ओळखपट्ट्या अजून आलेल्या नाहीत, त्यामुळे टोपीच्या आत शाईने घातलेला नंबर हीच सध्या आमची ओळख.

महिनाअखेरीला मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. त्यासाठी ट्रकमधून दुसऱ्या छावणीत जायचंय. रांजण म्हणतो, की तुझी टोपी मला दे, मी ती माझ्या डोक्यावर ओली करून सरळ वळवतो, तोवर तू माझी घाल. तो मागच्या रांगेत असतो, तिथे कुणी बघत नाही. मी सध्या नाही म्हटलंय. तुझ्या हातचं काम आहे ना. पण खरं सांगू, ही टोपी डोक्यावर येईपर्यंत इथे आम्हाला कुणी माणसात धरत नव्हतं. आता मिळालीय, तर ती धड दिसावी असं वाटतं.

आईला फेऱ्यांचं सांगू नकोस. रागावलीस तरी खुशाल चार ओळी लिही.
तुझा,
लिंबू

१५ जानेवारी

चि. लिंबूस,
अ. उ. आ.

तुझ्या उस्तादांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग, की मी टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाले आहे, माझं तोंड रिटायर झालेलं नाही. मुलींच्या शाळेला नावं ठेवतात! ही टोपी मुळात मेंढपाळांची. मग ती चित्रकारांनी तिरकी घातली, आमच्या सिस्टरांनी आमच्या डोक्यावर चढवली, आणि लष्कराला आता वाटतं की त्यांनीच ती शोधून काढली. आम्ही पोरी वर्ष सुरू होताना ओल्या टोप्या घालून बाकांवर ओळीने बसायचो आणि सिस्टर छडी घेऊन फिरायच्या. एकीची टोपी वाकडी सुकली असेल तर शपथ. डावीकडे म्हणजे डावीकडे. लष्करात उलटं असतं हे तू मला सांगायला हवं होतंस. तुझ्या डोक्यात जागा कमी आहे हे मला माहीत आहे, पण एवढी?

आता नीट वाच. टोपी पुन्हा गरम पाण्यात घाल, स्वतःच्या डोक्यावर ओढ, उजवीकडे पाड आणि सुकेपर्यंत बस. त्या रांजणाला देऊ नकोस. लोकर ज्या डोक्यावर सुकते त्याच डोक्याची होते, मग दुसऱ्याला ती कधी नीट बसत नाही. आणि माझा लाल दोरा उसवायचा नाही. तो सुटला तर टोपी तुझ्या नाकावर येईल आणि साहेबांना तुझी नुसती हनुवटी दिसेल.

मी जिन्यावरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये घालून बसले आहे, म्हणून जिभेला जास्त व्यायाम. तुझ्या आईला आठवड्याला एक तरी पत्र टाकत जा. तिकीट खिडकीत बसून ती दिवसभर परक्या शिपायांची तोंडं बघते आणि त्यात तुझं शोधते.

जपून राहा, आणि म्हातारीच्या बोलण्यातला गोडवा शोधून घे.
तुझी,
आत्या

२ फेब्रुवारी

ती. वन्संस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तार मिळाली असेलच. तुमचा पाय तसा, त्यामुळे तुम्ही येऊ शकला नाहीत. नाही आलात ते बरं झालं असंच म्हणते. तुमचा भाऊ गेला तेव्हा तुम्ही मला उभं केलं होतं. आता उभं राहायचं कशासाठी, ते मला कळत नाही.

पाहणी आटोपून परत येताना ट्रक घाटात उलटला आणि पेटला. आमच्या लिंबूबरोबर त्याचा तो मित्र, रांजण, दोघे मागच्या टोकाला होते. बाकीच्यांनी उड्या मारल्या. हे दोघे अडकले. लिंबू जागीच गेला. रांजण जिवंत सापडला, पण तोंड भाजलंय, सगळं डोकं पट्ट्यांत आहे आणि अजून शुद्ध नाही. त्याची आई दवाखान्यात त्याच्याजवळ बसून असते असं ऐकलं. मी तिला निरोप धाडला, की निदान तुमचा तरी वाचला. मनापासून धाडला का, ते विचारू नका.

पेटी बंद आली. उघडू नका असं सांगितलं होतं. मी ऐकलं. साहेबांनी टोपी माझ्या हातात दिली. आत नंबर त्याचाच होता, तरी ते म्हणाले, की घरच्या माणसाने एकदा बघावी. मी आतली पट्टी उलटली. तिथे लाल दोऱ्याचं टोक होतं. वन्सं, काळा दोरा संपला होता म्हणून तुम्ही लाल घेतलात, आणि त्या लाल दोऱ्यावरून मी माझा मुलगा ओळखून दिला. शेवटचं सगळं दुसऱ्या दिवशी उरकलं.

घरी आता ती टोपी आहे आणि मी. कडेने थोडी करपली आहे, धुराचा वास येतो. दिवे लागले की मी ती घालून बसते. भुवयांच्या खाली उतरते, डोळे झाकले जातात. बरं वाटतं. शेजारची म्हणते असं करू नये, वेड लागेल. वेड लागलं तर सुटेन तरी. उद्यापरवा ती धुऊन टाकावी म्हणते, तो वास सहन होत नाही.

तुमच्याशिवाय आता मला लिहायला कुणी नाही, हे लक्षात असू द्या.
धाकटी

६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आधी हे: टोपी धुऊ नकोस. पाण्याचा थेंबही लागू देऊ नकोस. भिजवली असशील तर तशीच सोड, पिळू नकोस, हाताने आकार देऊ नकोस. हे पत्र मिळेल तेव्हा हातातलं काम टाकून आधी टोपी कपाटात ठेव आणि मग पुढे वाच.

तुझं पत्र आल्यापासून मी रडले नाही असं नाही. पण तुझी एक ओळ माझ्या घशात अडकली आहे. मी काही विचारते, त्याची मला सरळ उत्तरं दे. का विचारते ते आत्ता विचारू नकोस.

तू टोपी घालतेस तेव्हा अंबाडा सोडून घालतेस की अंबाड्यावरून? रजेत तो असताना मी गंमत म्हणून ती तुझ्या डोक्यावर ठेवली होती, आठवतं? कानांपर्यंतसुद्धा आली नव्हती आणि तो म्हणाला होता, की आईचं डोकं मोठं म्हणून अक्कल सगळी तिच्याकडेच राहिली. आता तीच टोपी भुवयांखाली कशी उतरते? दुसरं, ती कुठल्या कानाकडे झुकते? आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. लाल दोऱ्याचं टोक आहे म्हणतेस. चिमटा कुठे आहे? मी पट्टी दोन बोटं आत दुमडून घट्ट शिवली होती. ती दुमड आहे का, की नुसती भोकं?

उजेडात खिडकीशी बसून बघ. मी इथे पाय बांधलेल्या जनावरासारखी पडले आहे, नाहीतर हे पत्र लिहिण्याऐवजी तुझ्या दारात असते.

मला वेडी समज, पण उत्तर दे.
तुझी,
वन्सं

११ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला तुमचा असा राग आला, की ते फाडणार होते. मुलगा जाऊन किती दिवस झाले आणि तुम्ही मला चिमटे मोजायला लावता! तरीही मी बघितलं. तुमच्या धाकात माझी सगळी वर्षं गेली, ती सवय सुटत नाही.

धुतली नाही. बादलीशेजारी काढून ठेवली होती, पण त्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. अंबाड्यावरून घालते तरी खाली येते. उजव्या कानाकडे झुकते. डावीकडे एक जुनी मोड आहे, बोट फिरवलं तर लागते. चिमटा नाही. उसवलेला आहे. भोकांची रांग आहे आणि एका भोकात तेवढं टोक राहिलंय. पट्टी ताणून अगदी सैल झाली आहे.

मिळाली उत्तरं? आता माझं ऐका. माझ्या खिडकीवर रोज शिपाई तिकीट काढायला येतात. सगळ्यांच्या टोप्या उजवीकडेच असतात, काल मी बघत बसले होते, मागे रांग खोळंबली. टोपी उजवीकडे पडते म्हणून माझा मुलगा जिवंत आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला? तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण मी तुम्हाला ओळखत नाही का? ते वाचल्यापासून मी जेवलेले नाही. मी त्याला माझ्या हातांनी निरोप दिलाय. आता तुम्ही तो परत आणून दाखवाल आणि मग म्हणाल, की धाकटे, माझी समजूत चुकली. दोनदा नाही मरू शकत मी त्याच्यासाठी.

जे असेल ते स्पष्ट लिहा. नाहीतर पुन्हा लिहूच नका.
धाकटी

१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

स्पष्ट लिहिते. टोपी आपल्या लिंबूची आहे. टोपीतलं डोकं त्याचं नाही.

उजवीकडे त्याने ती स्वतःही वळवली असती, मीच त्याला तसं सांगितलं होतं. पण चिमटा उसवून तो ती घालणार कशी? नाकावर आली असती. ती कुणीतरी उसवून, भिजवून मोठ्या डोक्यावर सुकवली आहे. त्याने मला शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, की रांजण टोपी वळवून देतो म्हणतो आणि तोवर स्वतःची घालायला देतो. मी त्याला नको म्हणून कळवलं. त्याने माझं कधी ऐकलंय?

हे नुसत्या पत्रावरून तुझ्यापुढे टाकायची माझी छाती नव्हती. एक्स्चेंजमधल्या माझ्या पोरी अजून मला घाबरतात. त्यांनी छावणीपर्यंत लाइन जोडून दिली. आधी एका साहेबांशी गाठ पडली. घरची माणसं धक्क्यात असली की त्यांना असे भास होतात, असं त्यांनी मला समजावलं. फार गोड आवाज होता. मीही त्यांना गोड आवाजात सांगितलं, की मला भास होत असतील तर होऊ देत, पण तुमच्याकडे दोन पोरांना ओळखायला शाईच्या दोन नंबरांपलीकडे काही नव्हतं, हा भास नाही. त्यावर त्यांनी फोन उस्तादांकडे दिला.

धाकटे, जन्मभर मी कानाला हेडफोन लावून लोकांचं बोलणं ऐकलं आहे. माणूस काय बोलतो त्यापेक्षा तो कुठे थांबतो ते मला जास्त कळतं. मी उस्तादांना विचारलं, की पाहणीच्या दिवशी आमच्या मुलाची टोपी कुठल्या बाजूला होती. ते पटकन म्हणाले, की उजवीकडे, पहिल्यांदाच बरोबर होती. मग मी विचारलं, की बसली कशी होती. तिथे ते थांबले. लाइन तुटली की काय असं मला वाटलं. नंतर अगदी हळू आवाजात त्यांनी सांगितलं, की भुवयांवर आली होती. आत कागद कोंबलेला असणार असं त्यांना तेव्हाच वाटलं होतं, पण साहेब समोर होते म्हणून त्यांनी सोडून दिलं. 

दवाखान्यात जे मूल पट्ट्यांत पडलं आहे, त्याच्याजवळ रांजणाचा नंबर असलेली टोपी सापडली म्हणून ते रांजण. मला वाटतं ते आपलं आहे. वाटतं म्हणते. शपथ घेत नाही. उस्ताद वर कळवतो म्हणाले आहेत. पण वरचे लोक कागद हलवतील तोवर तू तिथे जा. तू त्याला नऊ महिने पोटात वाढवलंस, तुला टोपी लागणार नाही.

पण एक सांगते. त्या खोलीत पाऊल टाकशील तेव्हा आधी खाटेकडे बघू नकोस. खुर्चीवर बसलेल्या बाईकडे बघ. तू जे घेऊन जाते आहेस त्याने तुझं मूल उठेल आणि तिचं जाईल. मी देवाशी भांडून थकले, की एकीचं पदरात टाकायला दुसरीचं काढून का घ्यावं लागतं.  टोपी बरोबर ने. तिला दाखवायला नव्हे, तिला द्यायला. तिच्या मुलाचं डोकं आता दुसरीकडे कुठेही उरलेलं नाही. म्हणून धुऊ नको म्हणाले होते.

माझी समजूत चुकली असेल तर मला कधीही क्षमा करू नकोस.
तुझी,
वन्सं

२० फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे.

पोचले ती दुपारची वेळ होती. लांबट खोली, दोन्हीकडे खाटा, टोकाला खिडकीखाली ही खाट. तुम्ही सांगितलं तसं मी आधी त्या बाईंकडे बघितलं. नाही, खोटं लिहिते. आधी पायांकडे बघितलं. चादरीतून पावलं बाहेर आली होती. डाव्या पायाच्या करंगळीचं नख, दारात चेंगरून काळं पडलेलं ते. लहानपणी तुम्हीच दार लोटलं होतं आणि दोन दिवस स्वतःच जेवला नव्हतात. वन्सं, आपलाच आहे. आवाज निघाला नाही. निघू दिला नाही मी.

मग त्यांच्याकडे बघितलं. माझ्याच वयाच्या, माझ्यासारख्याच वाळलेल्या. कापूस पाण्यात बुडवून त्याच्या ओठांवरून फिरवत होत्या आणि हळू आवाजात काहीबाही सांगत होत्या, घरची गाय, गळकं छप्पर, मामाचं लग्न. सगळं त्यांच्या घरचं. मी कोण ते मला सांगावं लागलं नाही. माझ्या हातातल्या टोपीकडे बघून त्यांनी कापूस वाटीत ठेवला आणि मला बसायला स्टूल सरकवलं.

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणाल्या, की आल्याबरोबर त्यांनी पट्ट्यांवरूनच दोन्ही हात त्याच्या डोक्याला लावले. त्यांच्या मुलाचं डोकं त्यांच्या ओंजळीत कधी मावलं नाही, जन्मला तेव्हासुद्धा सुइणीने त्यावरून थट्टा केली होती. हे मावलं. तेव्हाच त्यांना कळलं, की आपला कुठे आहे. कुणाला सांगितलं नाही. मी का म्हणून विचारलं, जरा कडकच विचारलं असेन, माझ्या दिवसांचा हिशेब माझ्या डोळ्यांपुढे होता. त्या म्हणाल्या, की त्यांनी सांगितलं असतं तर त्यांना उठून घरी जावं लागलं असतं, आणि घरी कुणी नव्हतं. इथे निदान एकाचे ओठ सुकत होते. ज्या दिवशी त्याची आई येईल त्या दिवशी सांगेन, असं त्यांनी ठरवलं होतं. रोज दाराकडे बघायच्या. मी येऊ नये म्हणूनही बघायच्या, हेही त्यांनीच सांगितलं.

मला त्यांचा राग यायला हवा होता ना? तुम्ही असता तर त्यांना चार शब्द सुनावले असतेत आणि मग त्यांच्या गळ्यात पडून रडला असतात. मला काहीच जमलं नाही. त्यांच्या मुलाला मी निरोप दिला होता, माझ्या मुलाचं नाव लावून. ते कसं झालं ते मी त्यांना सगळं सांगितलं, फुलं कुठली होती, ऊन होतं की नव्हतं, कोण कोण आलं होतं. त्या मध्ये मध्ये मान हलवत होत्या. एकदा विचारलं, की तेव्हा मी रडले होते का. हो म्हटलं. बरं झालं म्हणाल्या.

आपल्या लिंबूने अजून डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर ठाम काही सांगत नाहीत. छावणीचे लोक येऊन गेले, माफी मागितली, नाव बदललं. खाटेला आता त्याच्या नावाची चिठ्ठी लागली आहे. मी त्याच्या कानाशी जाऊन त्याला हाक मारली. तो हलला नाही. मग त्यांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात गायीचं काहीतरी सांगायला घेतलं आणि त्याची बोटं चादरीवर जराशी आवळली. आमचं दोघींचं एकमेकींकडे बघणं झालं. मी त्यांना बोलायचं थांबू नका म्हटलं. ती गाय आता माझ्या फार परिचयाची झाली आहे. त्या निघून गेलेल्या नाहीत, मीही त्यांना जा म्हणणार नाही. खुर्ची त्यांना आणि स्टूल मला.

टोपी मी त्यांच्या मांडीवर ठेवली तेव्हा त्यांनी ती लगेच उचलली नाही. मग दोन्ही हात आतून घातले, हळूहळू बोटं फाकवली आणि लोकर ताणून भरेपर्यंत ती तशीच धरून ठेवली. हात मावले, तरी जागा उरली.  शेवटी त्यांनी मला एवढंच विचारलं, की मी ती मध्ये कधी धुतली तर नाही ना.

नाही म्हटलं. आमच्या वन्संनी धुऊ दिली नाही.

प्लास्टर निघालं की या. हा उठेल की नाही ते माहीत नाही, पण तुमची वाट आता इथे दोघी बघतो.
तुमची,
धाकटी